गाडीचा कंपास चुकीची दिशा दाखवू लागल्यास

पालघरहून बोईसरकडे जाणारा रस्ता आणि त्याला सोबत करणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग साधारणपणे उत्तरेलाच जातो. या रस्त्यावर गाडीच्या आरशात किंवा डॅशबोर्डवर उत्तरेऐवजी नैर्ऋत्य दिसत असेल, अथवा गाडी कितीही वळवली तरी अक्षर जागचे हलत नसेल, तर कंपास बिघडला असे म्हणण्याची घाई करू नये. त्याच्या आसपासचे एखादे चुंबक किंवा विजेची वायर त्याला चकवत असण्याची शक्यता जास्त असते. बोईसर-तारापूर भागात संशय लगेच अणुशक्ती केंद्राच्या मनोऱ्यांवर, रेल्वेच्या तारांवर किंवा एमआयडीसीवर जातो, आणि मग 'इथे कंपास चालणारच नाही' म्हणून विषय सोडून दिला जातो किंवा चांगला आरसा बदलला जातो. दोन्हींची गरज क्वचितच पडते.

आधी एवढे ठरवा: कंपास चुंबकी की उपग्रहाचा?

पडद्यावर दिशा दिसते म्हणजे गाडीत चुंबकी संवेदक आहे असे नव्हे. महिंद्र थारच्या टचस्क्रीनवरील ऑफ-रोड माहितीत, मित्सुबिशी पजेरो स्पोर्टच्या डॅशबोर्डवर, बाजारातून बसवलेल्या आरशांत, अशा निरनिराळ्या ठिकाणी कंपास दिसतो. पण काही गाड्यांत ही दिशा जीपीएसवरून काढलेली असते. जीपीएसला गाडी कुठून कुठे सरकली एवढेच कळते. त्यामुळे उभ्या गाडीत ते शेवटची दिशा धरून बसते आणि गाडी उलटी घेतली की बहुधा विरुद्ध दिशा दाखवते.

मोकळ्या जागी गाडी 20-30 मीटर सावकाश रिव्हर्स घेऊन पाहा. दिशा उलटली तर कंपास उपग्रहाचा आहे. त्याचे दुखणे अँटेना, काचेवरची धातूमिश्रित फिल्म किंवा सॉफ्टवेअर यांत शोधावे लागते. या लेखातील पुढचे उपाय त्याला लागू पडत नाहीत. दिशा तीच राहिली, तर संवेदक चुंबकी असण्याची शक्यता मोठी. खात्री गाडीसोबतच्या पुस्तिकेतून करून घ्यावी. पुस्तिकेत 'कॅलिब्रेशन' किंवा गोल फेऱ्यांचा उल्लेख असेल तर संवेदक चुंबकीच आहे.

मनोरे आणि रेल्वे यांना दोष का देऊ नये

कंपास पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा आडवा भाग मोजतो. पालघरच्या आसपास हा भाग सुमारे 38 मायक्रोटेस्ला आहे. खाली झुकणारा भाग धरून एकूण क्षेत्र 43-44 मायक्रोटेस्लाच्या घरात जाते. या क्षेत्राला दुसऱ्या एखाद्या स्थिर क्षेत्राची जोड मिळाली की दिशा ढळते. यात कळीचा शब्द 'स्थिर' हाच आहे.

तारापूरच्या केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांतील आणि पालघर-बोईसर-डहाणू मार्गावरील 25 हजार व्होल्टच्या तारेतील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. तिचे चुंबकी क्षेत्र सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते. कंपास काही क्षणांची सरासरी घेऊन दिशा दाखवतो, आणि त्या सरासरीत हे क्षेत्र जवळजवळ शून्य होते. तारांखालून जाताना अक्षर क्षणभर फडफडले तरी पुढे गेल्यावर ते जागेवर येते. मनोऱ्यामुळे गाडीचा कंपास कायमचा बिघडत नाही.

डीसी विजेची गोष्ट वेगळी, आणि त्याचा दाखला समुद्रापलीकडे अलिबागला उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 19व्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने या नोंदी बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभी राहिली आणि 1904 पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून मेळ घातला गेला. मुंबईत विजेची ट्राम धावली ती 1907 साली. पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट-विरार पट्ट्यातली डीसी वीजही 2012 मध्ये संपली. आज पालघरच्या वाहनधारकाजवळ डीसी विजेचा स्रोत उरतो तो त्याच्या स्वतःच्या गाडीतला.

लोखंडाचा परिणाम मात्र खरा असतो, पण तो त्या ठिकाणापुरता. एमआयडीसीत पत्र्याच्या कॉइल लादलेला ट्रेलर शेजारी उभा असेल, गाडी लोखंडी शेडलगत किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असेल, मसवणजवळ सूर्या नदीच्या पुलावर असेल, तर सळ्या आणि पत्रे दिशा ओढतात. डोंगरपट्ट्यातला काळा कातळ म्हणजे बेसॉल्टही किंचित चुंबकी असतो. अशा जागी दिसलेली चूक दुरुस्त करायला जाऊ नये.

चुकीच्या तऱ्हेवरून कारण ओळखा

चुकीची तऱ्हा नीट पाहिली तर निम्मे काम होते. दिशा पडताळायला ठरावीक खुणा घ्याव्यात. पालघर ते बोईसर उत्तर, पालघर ते मनोर साधारण पूर्व, केळवे किंवा चिंचणीला समोर समुद्र म्हणजे पश्चिम. मावळत्या सूर्यावर मात्र विसंबू नये. तो ऐन पश्चिमेला मावळतो ते मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जूनच्या अखेरीस तो या अक्षांशावर पश्चिमेपासून सुमारे 25 अंश उत्तरेकडे सरकलेला असतो आणि कंपास बरोबर असूनही चुकल्यासारखा भासतो. रात्री ध्रुवतारा उत्तम: पालघरहून तो क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर दिसतो.

- सगळीकडे एकच अक्षर: संवेदकाच्या अगदी जवळ जोरदार चुंबक आहे. त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या 38 मायक्रोटेस्लांवर मात करते, म्हणून गाडी फिरली तरी कंपासला फक्त तो चुंबकच दिसतो.
- दोन दिशा बरोबर, बाकीच्या चुकीच्या: मध्यम ताकदीचा चुंबक किंवा चुंबकलेला पत्रा. गोल फेऱ्यांनी हा दोष बहुधा जातो.
- हेडलाइट, पंखा किंवा चार्जर चालू केल्यावरच चूक: वायरिंग.
- ठरावीक जागीच चूक: बाहेरचे लोखंड. काहीही करू नका.
- 'सी' किंवा 'कॅल' अशी अक्षरे: बॅटरी काढल्यावर, समोरची काच बदलल्यावर किंवा क्षेत्रात मोठा बदल जाणवल्यावर कंपास नव्याने फेऱ्या मागतो आहे.
- पडदाच कोरा: आधी फ्यूज आणि आरशामागची जोडणी पाहा.

गाडीची झडती

बहुतेक गाड्यांत संवेदक आतल्या आरशात, छताच्या पुढच्या कन्सोलमध्ये किंवा डॅशबोर्डच्या वरच्या भागात असतो. झडती तिथून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्यावी. लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते. अंतर दुप्पट केले की ते सुमारे एक अष्टमांश उरते. त्यामुळे कितीतरी वेळा वस्तू टाकून द्यावी लागत नाही, वीतभर सरकवली तरी पुरते.

तळाला चुंबक असलेली डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती या झडतीतून हमखास सुटते, कारण तिच्याकडे कोणी वस्तू म्हणून पाहत नाही. तिला हलवायचे मनाला पटत नसेल, तर चुंबकाचा तळ काढून दुतर्फा चिकटपट्टीने तिथेच बसवता येते. मोबाइलचा चुंबकी स्टँड हा दुसरा मोठा गुन्हेगार. स्टँडबरोबर मोबाइलच्या कव्हरात बसवलेली लोखंडी चकतीही तपासावी. नुसता स्टँड काढला आणि मोबाइल आरशाखालच्या खणात तसाच राहिला, तर चूक थोडी बदलते पण जात नाही.

याखेरीज पाहायच्या वस्तू:

- चुंबकाने चिकटणारे डॅशकॅम आणि खिडक्यांचे चुंबकी पडदे;
- टपावर चिकटवलेला पिवळा दिवा किंवा वायरलेसचा अँटेना (कारखान्यांच्या साइटवर जाणाऱ्या गाड्यांत हा नेहमी सापडतो);
- डॅशबोर्डमधले बदललेले स्पीकर आणि सीटखालचा सबवूफर;
- सन व्हायझरला लावलेला चुंबकी चष्माहोल्डर;
- ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेला चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर.

समोर बसवलेला लोखंडी गार्डही क्षेत्र वाकवतो. तो काढायला कंपासचे कारण लागूच नये: केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचे राज्यांना कळवले आहे, आणि अपघातात ते एअरबॅगच्या कामात अडथळा व पादचाऱ्याच्या जिवाला धोका ठरतात.

मोबाइलचा वापर करून शोध

चुंबकी क्षेत्र मायक्रोटेस्लात दाखवणारी अ‍ॅप मोफत मिळतात. कव्हर काढलेला मोबाइल आधी गाडीपासून 10-15 पावले दूर धरून आकडा पाहा. तो 43-44 च्या जवळपास असायला हवा. मग गाडी बंद ठेवून आरशाभोवती, छताच्या कडेने, डॅशबोर्डवरून मोबाइल सावकाश फिरवा. पत्र्यामुळे आकडा थोडा वरखाली होणारच. पण एखाद्या जागी तो 100-200 वर उसळला, तर तिथे चुंबक आहे. त्यानंतर इग्निशन चालू करून एकेक विद्युत उपकरण लावा आणि आकडा कोणत्या बटणाला उडी मारतो ते टिपून ठेवा. मेकॅनिकला ही टिपणे दाखवली तर तासाभराची शोधाशोध वाचते.

दोष वायरिंगचा असेल तर

आरशाशेजारून गेलेल्या एका वायरीत 10 अँपिअर प्रवाह असेल, तर 10 सेंटिमीटरवर तिचे क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला होते. म्हणजे पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या निम्म्याहून जास्त. टपावरच्या एलईडी बारची वायर ए-पिलरमधून ओढलेली असते आणि अर्थ मात्र जवळच्या बोल्टला दिलेला असतो, तेव्हा नेमके हेच घडते. जाणारा प्रवाह एका वायरीतून आणि परतणारा पत्र्यातून, त्यामुळे दोघांची क्षेत्रे एकमेकांना खोडत नाहीत.

इलाज सोपा आहे. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकत्र, एकमेकींना पिळून न्याव्यात आणि अर्थ थेट बॅटरीकडच्या मूळ अर्थ पॉइंटला द्यावा. विजेवरच्या गाड्यांत मोठ्या प्रवाहाचे केबल मुळातच असे जोडीने नेलेले असतात; तिथे कंपनीच्या वायरिंगला हात लावू नये, बाहेरून बसवलेला कंपासच वर सरकवावा.

किनाऱ्याच्या गाड्यांत आणखी एक कारण आढळते. सातपाटी, मुरबे, चिंचणी भागातल्या खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या ओलीने बॉडीवरचे अर्थचे बोल्ट गंजतात. मग परतीचा प्रवाह दुसरी वाट शोधतो, कधी डॅशबोर्डमागच्या पट्टीतून. हेडलाइट लावताच कंपास ढळत असेल आणि त्याच वेळी दिवेही मंद वाटत असतील, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आधी हे बोल्ट घासून घट्ट करून घ्यावेत.

गोल फेऱ्या: जागा आणि रीत

झडती संपल्याशिवाय फेऱ्या मारू नयेत. फेऱ्यांतून कंपास गाडीच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा हिशेब शिकतो आणि तो वजा करतो. मोबाइलचा स्टँड जागेवर असताना तो शिकला, तर स्टँड काढल्यावर पुन्हा चुकेल. उलट, जी वस्तू रोज गाडीत राहणारच आहे आणि हलत नाही, ती जागेवर ठेवूनच फेऱ्या माराव्यात.

जागा निवडणे हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. शोरूमच्या आवारात, एमआयडीसीतल्या शेडसमोर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारलेल्या फेऱ्या कंपासला आजूबाजूचे लोखंडही गाडीचेच समजायला लावतात. तिथे बरोबर आणि बाहेर पडताच चूक, असा अनुभव येतो. इमारती, पूल, कुंपणाच्या जाळ्या, जमिनीखालचे लोखंडी नळ आणि इतर वाहने यांपासून किमान 30 मीटर दूर अशी सपाट जागा हवी. दिवाळीनंतर भातकापणी झालेले कोरडे खाचर, मालकाला विचारून, याला फार सोयीचे पडते. पुळणीवर गाडी उतरवण्याचा मोह टाळावा. वाळूत चाक रुतले की भरती वाट पाहत नाही, आणि खारे पाणी वर म्हटलेल्या अर्थच्या बोल्टांनाच आधी धरते.

1. पुस्तिकेतील पद्धतीने कंपास कॅलिब्रेशनमध्ये न्या. आरशांत बहुधा बटण काही सेकंद दाबून धरावे लागते; टचस्क्रीनवर सेटिंग्जमध्ये पर्याय असतो.
2. खिडक्या, दारे, डिकी बंद करा. एसी आणि दिवे नेहमी जसे असतात तसे ठेवा.
3. ताशी 8 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने पूर्ण गोल फेऱ्या मारा. दोन-तीन फेऱ्या सहसा पुरतात. एका फेरीला पाऊण ते दीड मिनिट लागावे.
4. 'कॅल' जाऊन दिशा दिसू लागली की थांबा आणि चारही मुख्य दिशांना गाडी तोंड करून पडताळा.
5. पाच-सहा फेऱ्यांनंतरही दिशा आली नाही, तर फिरत राहण्यात अर्थ नाही. पुन्हा झडती घ्या.

परदेशी बनावटीच्या आरशांत 1 ते 15 असे 'झोन' क्रमांक असतात. खरी उत्तर आणि चुंबकी उत्तर यांतला फरक, म्हणजे दिक्पात, भरून काढण्यासाठी ते आहेत. सोबतचा नकाशा मात्र बहुधा अमेरिकेचा असतो. पालघरला दिक्पात एक अंशाच्याही आत आहे, म्हणजे आठ दिशा दाखवणाऱ्या कंपासच्या दृष्टीने शून्य. ज्या क्रमांकावर पालघर-बोईसर रस्ता उत्तर दिसेल आणि मनोरचा रस्ता पूर्व, तो क्रमांक ठेवावा. झोन बदलल्याने चुंबकाचा दोष जात नाही. तो फक्त एका दिशेला झाकला जातो आणि दुसऱ्या दिशेला दुप्पट दिसतो.

पत्राच चुंबकला असेल तर

छताला डेंटिंगचे वेल्डिंग झाले, चुंबकी दिवा महिनोन्महिने एकाच जागी राहिला किंवा लोखंड उचलणाऱ्या चुंबकी क्रेनजवळ गाडी गेली, तर पत्रा स्वतः चुंबक बनतो. चुंबक काढूनही मोबाइलचा आकडा छताच्या एकाच पट्ट्यात उसळत राहिला, तर हेच कारण समजावे. आधी फेऱ्या मारून पाहा. सौम्य चुंबकत्व त्यातच हिशेबात येते.

नाहीच आले, तर एसी विजेवर चालणारे विचुंबकीकरणाचे वेटोळे वापरतात. चालू वेटोळे पत्र्यावरून सावकाश फिरवून, तसेच चालू ठेवून, हळूहळू हात-दोन हात दूर नेतात आणि मगच बंद करतात. पत्र्याजवळ असतानाच बंद केले तर पत्रा पहिल्यापेक्षा जास्त चुंबकतो. हे काम घरी करू नये. कंपास, पडदे आणि गाडीचे नियंत्रक यांच्यावर वेटोळे धरल्यास नुकसान होते, आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने त्याच्या जवळपासही थांबू नये. साधे कायमचे चुंबक उलटे फिरवून 'काट' देण्याचा गावठी प्रयोग तर मुळीच नको.

शोरूम, वॉरंटी आणि ग्राहकाचे हक्क

कंपनीने बसवलेला कंपास वॉरंटीच्या काळात चुकत असेल, तर तो तपासून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. 'या भागात असेच होते' हे उत्तर तोंडी स्वीकारू नका. जॉब कार्डवर तक्रार, तपासणी कुठे केली आणि निष्कर्ष काय हे लिहून मागा. मात्र बाहेरून बसवलेल्या वस्तू आधी काढून गाडी न्या, नाहीतर दोष त्यांच्यावर ढकलणे सोपे जाते. मूळ वायर कापून एलईडी बार किंवा स्पीकर जोडला असेल, तर वायरिंगची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. शोरूमनेच ती वस्तू बसवली असेल आणि बिल असेल, तर जबाबदारी त्यांची.

सर्व्हिस सेंटरने आरसा किंवा संवेदक बदलण्याचा खर्च सांगितला, तर तीन गोष्टी विचारा: मोकळ्या जागी फेऱ्या मारल्या का, स्कॅनरवर संवेदकाचा दोष-संकेत आला का, आणि नवा भाग बसवल्यावरही चूक राहिली तर पैसे परत मिळतील का. पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल, तर बदलाला परवानगी देऊ नका.

तोडगा निघाला नाही तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढची पायरी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खालची. वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. शोरूम मुंबई-ठाण्यात असले तरी आपण राहता त्या जिल्ह्याच्या अधिकारक्षेत्रात तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. फक्त कंपाससाठी आयोगापर्यंत जाणे बहुतेकांना परवडणारे नाही, हे खरे. पण छताचे निकृष्ट वेल्डिंग किंवा कापलेले वायरिंग हे मूळ कारण निघाले, तर तक्रार त्याचीच करावी आणि कंपासची चूक पुरावा म्हणून जोडावी. त्यासाठी जॉब कार्ड, बिले, तारखेसह काढलेले पडद्याचे व्हिडिओ आणि बदलून काढलेला जुना भाग आपल्या ताब्यात ठेवा.